शुगरची गोळी हजेरीपटावर कशाला?

हिंगणा, बुटीबोरी किंवा अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीत ठेक्यावर जाणाऱ्या माणसाच्या पगारातून दरमहा एक लहानशी रक्कम कापली जाते. पगार बारा हजार असेल तर नव्वद रुपये. मालकाचा वाटा त्यात ३९० रुपयांचा. या ४८० रुपयांवर तो, त्याची बायको, पोरे आणि त्याच्या जिवावर असलेले आईबाप कामगार राज्य विमा योजनेत येतात. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, दुखणे मोठे निघाले तर नागपूरच्या सोमवारी पेठेतले कामगार विमा रुग्णालय. तिथल्या रांगेला सगळे नावे ठेवतात, दर खेपेला गोळीचा रंग बदलतो म्हणून कुरकुरतात. पण महिन्याची गोळी हातात पडते. दवाखान्यात भरती न होता वर्षानुवर्षे औषध मिळण्याची याहून धड सोय खेड्यातल्या कष्टकऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

ती सोय ठेकेदाराच्या एका फोनवर संपते. "उद्यापासून येऊ नको, ऑर्डर कमी आहे." नोटीस नाही, हिशेब नाही, शिक्क्याचा कागद नाही. पगार गेला हे घरात त्याच संध्याकाळी कळते. दवाखानाही गेला, हे घरातली शेवटची स्ट्रिप संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. मधुमेह जन्मभराचा आजार आहे. त्याचे औषध तीन-सहा महिन्यांच्या ठेक्याला बांधून ठेवण्यात काही अर्थ नाही. ते माणसाच्या गावाला बांधले पाहिजे, आणि त्यासाठी आणखी एक विमा कार्ड नको. गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्राच्या कपाटात गोळी असण्याची हमी हवी.

आधी कायद्यात जे आहे पण कुणी सांगत नाही, ते सांगतो. नोकरी सुटली की कामगार विम्याचा दवाखाना त्याच दिवशी बंद होतो, असे नाही. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जून या काळापर्यंत वैद्यकीय लाभ चालतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी पुढच्या जुलै ते डिसेंबरसाठी. म्हणजे ऑगस्टमध्ये काढलेला माणूस, दिवस भरले असतील तर, पुढच्या ३० जूनपर्यंत त्याच खिडकीवरून गोळ्या घेऊ शकतो. ठेकेदार हे सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसते. माझ्या ओळखीच्या एकाने काम सुटले त्याच आठवड्यात कार्ड पेटीच्या तळाशी टाकून दिले होते. "आता ते कायच्या कामाचं?" असे त्याचे म्हणणे. ते पुढे कित्येक महिने कामाचे होते.

पण ७८ दिवस भरणे हीच ठेक्यावरच्या माणसाची अडचण. ठेकेदार मध्येच 'ब्रेक' देतो, नाव एका फर्मवरून दुसरीवर चढवतो, काही जण तर पगारातून कापतात आणि पुढे भरतच नाहीत. बेकारीसाठीच्या ज्या योजना आहेत त्यांचीही गत वेगळी नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदा. २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कामगारकपात झाली तर भत्त्याबरोबर वैद्यकीय सेवाही देते. मात्र "उद्यापासून येऊ नको" ही कायद्याच्या भाषेत कपात ठरत नाही. कागदावर तो माणूस आपणहून यायचा थांबलेला असतो.

आणि मग ती १२० रुपयांची तरतूद. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेला कामगार महिन्याला दहा, म्हणजे वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवू शकतो. उत्तम तरतूद आहे. पण ठेक्याच्या कामात निवृत्तीच्या वयापर्यंत टिकतो कोण? शुगर बहुधा चाळिशी-पन्नाशीत डोके वर काढते आणि ठेकेदाराला माणूस नकोसा होण्याचे वयही तेच असते. पाच वर्षे वर्गणी भरलेल्या, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घरी बसवलेल्या माणसाला हीच सोय का मिळू नये, याचे पटेल असे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. नवी योजना, नवे नाव, नवा लोगो यांतले काहीच लागणार नाही. नियमात एक वर्ग वाढवायचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी त्यांत आली आहे. तपासणीत शुगर सापडेल हे नक्की. सापडल्यावर पुढच्या ठेक्यात त्याचे नाव राहील का, याची मला शंका आहे.

आता खर्चाचे बघू. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन ही शुगरची जोडगोळी दिवसातून दोनदा, सोबत बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक. तालुक्याच्या मेडिकलमध्ये नावाजलेल्या कंपनीच्या गोळ्या घेतल्या तर महिन्याला हजार-बाराशे रुपये सहज होतात. इन्सुलिनवाल्याचे वेगळे. साध्या ह्युमन इन्सुलिनच्या बाटलीत ४०० युनिट असतात; सकाळ-संध्याकाळ मिळून पन्नास युनिट लागत असतील तर बाटली आठ दिवसांत संपते. किंमत सरकारने बांधलेली असल्यामुळे बाटली दीडशे-पावणेदोनशेच्या घरात मिळते, पण महिन्याला चार लागतात, वर सिरिंज, वर शुगर मोजायच्या पट्ट्या. हातात पगार असताना हे जमत होते असे नाही. जमवायची वेळच येत नव्हती, कारण दवाखाना देत होता. काम गेल्यावर तोच माणूस शेतमजुरीला लागतो. त्याची बायको कापूस वेचायला जाते, किलोमागे दहा रुपयांच्या आसपास. तिने वेचलेल्या शंभर-सव्वाशे किलो कापसाची मजुरी नवऱ्याच्या महिन्याच्या गोळ्यांत जाणार, हा हिशेब घरात कुणी मोठ्याने करत नाही. गोळीच मुकाट्याने कमी होते.

कमी होण्याचीही एक रीत आहे. आधी कोलेस्टेरॉलची सुटते, कारण तिच्यावाचून काही दुखत नाही. मग बीपीची. मग शुगरची दोनाची एक, एकाची अर्धी. मेडिकलवाला कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो, पैसे उधारीच्या वहीत. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, गुळवेल सुरू होते. "आता बरं वाटते, मंग कायले खाऊ गोया?" हे वाक्य आमच्याकडे ज्याने ऐकले नाही असा डॉक्टर नसेल. डॉक्टर याला रुग्णाची बेफिकिरी म्हणतात. मला त्यात बेफिकिरीपेक्षा अब्रू राखणे जास्त दिसते. पैसे नाहीत म्हणून गोळी सोडली असे म्हणण्यापेक्षा बरे वाटते म्हणून सोडली, हे सांगणे सोपे जाते.

टाइप वन मधुमेहाच्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा पोरांना तर ही सवलतही नाही. त्यांचे इन्सुलिन थांबले की रक्तात आम्ल साचते आणि काही दिवसांत पोर अतिदक्षता विभागात पोहोचते. तिथल्या तीन-चार दिवसांच्या खर्चात त्याचे वर्षभराचे साधे इन्सुलिन आले असते.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की हा खाण्यापिण्याचा, बसून राहण्याचा आजार. चाला, गोड सोडा, सरकार कुणाकुणाला पुरणार? शहरात हे ऐकायला बरे वाटते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या साडेसहा टक्के प्रौढांना मधुमेह होता. त्याच पाहणीचा देशभराचा आकडा २०२३ मध्ये आला तेव्हा तो ११.४ टक्के, म्हणजे १० कोटींवर माणसे, असा होता. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघाले. गडचिरोलीत, जिथे बाहेरचे लोक अजून हिवताप आणि कुपोषणच पाहतात. आणि खाण्याचे म्हणाल, तर ज्वारीच्या जागी कापूस-सोयाबीन आम्ही हौसेने लावले नाही. ताटातली भाकर गेली आणि रेशनचा भात-पोळी आली ती बाजाराच्या आणि धोरणाच्या वाटेने. धोरणाने ताट बदलले असेल तर औषधाच्या वेळी एकट्या खाणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही.

दुसरा आक्षेप: आयुष्मान कार्ड आहे, महात्मा फुले योजना आहे, आता काय कमी? जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, वर्षाला पाच लाखांपर्यंत. मी या योजनेचा विरोधक नाही. तिच्यामुळे लोक वाचलेले आहेत. पण ती भरती झालेल्या रुग्णाची योजना आहे. पायाला जखम होऊन ती चिघळली, बोट किंवा पाय कापावा लागला, तर पैसे मिळतात. मूत्रपिंड गेले तर डायलिसिस मिळते. घरी सोडल्यावरची औषधे मिळतात ती मोजक्याच दिवसांची. ती संपली की रुग्ण पुन्हा मेडिकलवाल्याच्या वहीत. म्हणजे मधुमेहावर सरकार खर्च करत नाही असे मुळीच नाही. करते, पण पाय गेल्यावर. कापण्याचे बिल ज्या तिजोरीतून निघते त्याच तिजोरीतून न कापण्याची गोळीही निघू शकते. "पैसा कुठून आणणार?" हा प्रश्न मला त्यामुळे फारसा प्रामाणिक वाटत नाही.

खासगी विम्याबद्दल दोन वाक्ये पुरेत. २०२५ च्या सप्टेंबरपासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण आधीपासून असलेल्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते आणि रोजची गोळी बहुतेक पॉलिसींत बसतच नाही. नोकरी गेलेल्या माणसाने हप्ता भरावा कशातून, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा.

तिसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते की! खरे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत आहे (नागपूरची मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून त्या निर्णयाबाहेर राहिली, खेड्यातल्या माणसाला हा खात्यांचा फरक कोण समजावणार?). तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासण्याचा कार्यक्रम आहे, आशाताई घरोघर फॉर्म भरतात, समुदाय आरोग्य अधिकारी बोटाला सुई टोचतात, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यादीत आहेत. हे सगळे मी पाहिले आहे आणि त्यात काम करणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. गडबड तपासणीनंतर होते. तपासणीचा आकडा पोर्टलवर चढतो, वर त्याचा आढावा होतो. औषधाचा साठा संपला याचा आढावा त्याच जोमाने होत नाही. गोळ्या कधी पंधरा दिवसांच्या मिळतात, कधी "पुढच्या आठवड्यात या" मिळते. ग्रामीण रुग्णालय तालुक्याला, एसटीची वेळ सकाळची, परतीची दुपारनंतर. बायांना तिकीट अर्धे झाले आहे, पण बुडालेला रोज कोण देणार? फुकटच्या गोळ्यांसाठी तीनशेचा रोज बुडतो, आणि हा सौदा मजूर दोन-तीन वेळा करून सोडून देतो. त्यात त्याचे काय चुकले?

इन्सुलिनचे तर आणखी अवघड. वैशाखात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे, वीज कधीही जाते, घरात फ्रिज नाही. लोक मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, त्यात बाटली ठेवतात. उपाय चांगला आहे आणि डॉक्टरही तो सांगतात. पण एका वेळी चार बाटल्या देऊन पाठवण्यापेक्षा, लशींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात शीतपेटी आहेच, तिथे साठा ठेवून आशाताईमार्फत एकेक बाटली गावात पोहोचवणे अशक्य आहे का?

विश्वासाचाही प्रश्न आहे. "सरकारी गोळी लागत नाही" हे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते, आणि दर वेळी ते अज्ञान असते असे समजू नये. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना बनावट सिप्रोफ्लॉक्सासिन पुरवल्याचे प्रकरण कळमेश्वर पोलिसांत गेले, तपासात प्रतिजैविकाच्या नावाखाली भलतीच पूड असल्याचे पुढे आले. हे वाचलेला माणूस फुकटच्या शुगरच्या गोळीकडे संशयाने बघणारच. राज्याने २०२३ मध्ये औषधखरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडून काढून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण केले, ते योग्यच. तामिळनाडूने हे १९९४ मध्ये केले होते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना चालवली. तामिळनाडूत तर ऑगस्ट २०२१ पासून शुगर-बीपीच्या गोळ्या आरोग्य स्वयंसेविका घरी नेऊन देते. या राज्यांतल्या योजनांत उणिवा नाहीत असे कोण म्हणेल? पण त्यांनी औषध आधी धरले. आपण कार्ड आधी धरले.

जनऔषधीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतले स्वस्त औषधांचे दुकान हे मधल्या माणसाचे उत्तर आहे, तळच्या माणसाचे नव्हे. सिटाग्लिप्टिन या शुगरच्या औषधाचे पेटंट २०२२ मध्ये संपल्यावर जनऔषधीत दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. एम्पाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या औषधाचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि साठ रुपयांची गोळी पुढे दहाच्या आतही मिळू लागली. औषध महाग ते औषधामुळे नव्हे, हे यावरून कुणालाही दिसावे. पण दुकान तालुक्याला, आणि चिठ्ठीवर नाव ब्रँडचे. जेनेरिक, म्हणजे औषधाच्या मूळ नावानेच चिठ्ठी लिहा, हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये निघाला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला.

हे सगळे लिहिताना मला सेवाग्राम आठवते. दूरच्या राज्यांची उदाहरणे द्यायचीच गरज नाही, वर्धा जिल्ह्यात ते घडून गेले आहे. कस्तुरबा रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा उभा केला, आणि वर्गणी घेतली ती ज्वारीत. सुगीच्या वेळी, घरात धान्य असताना, ऐपतीप्रमाणे: भूमिहीनाची कमी, ज्याचे वावर मोठे त्याची जास्त. विम्याचा घटक एकटा माणूस नव्हता, गाव होता. गावातल्या बहुतेकांनी वर्गणी दिली तरच गाव योजनेत. या योजनेचा भर रुग्णालयातल्या उपचारावर होता आणि ती काही साऱ्या राज्याला पुरणारी नव्हती. तरी तिच्यामागचा विचार आजच्या मंत्रालयातल्या विचारापेक्षा शहाणा होता. शेतमजुराचे काम हंगामाचे आहे हे तिने गृहीत धरले आणि त्याचे औषधपाणी त्या कामाला बांधले नाही. बुटीबोरीचा ठेकाही आता हंगामाचाच झाला आहे. जिनिंगचा तर पहिल्यापासूनच होता. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये काम, मग काहीच नाही. अशा माणसाच्या शुगरला हजेरीपट कसा पुरेल?

मागण्या तीनच. उपकेंद्रात नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णासाठी तीन महिन्यांचा साठा, फळ्यावर गोळीचे नाव आणि शिल्लक, साठा संपला तर गावाजवळच्या मेडिकलमधून उपकेंद्राच्या चिठ्ठीवर तीच गोळी आणि बिल जिल्हा परिषदेला. फुले योजनेच्या पाच लाखांतला वर्षाला पाच-सहा हजारांचा वाटा भरती न झालेल्या मधुमेही रुग्णाच्या औषधांना खुला. आणि कामगार विम्यातली ती १२० रुपयांची सोय काढून टाकलेल्यांना. यात क्रांतिकारक काही नाही. तिसऱ्या मागणीला दिल्ली लागते, पहिल्या दोन राज्याच्या हातात आहेत.

मागणी करणार कोण, हे मात्र अवघड आहे. काम गेले की युनियन जाते, आणि घरी बसलेला शुगरचा रुग्ण संघटना काढत नाही. डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात बसते तेव्हा यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात: मानधनाचे, कर्जमाफीचे, कापसाच्या भावाचे. या मोर्चांत चालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशात शुगरच्या गोळ्या असतात, कितीतरी जणांच्या असायला हव्यात पण नसतात. वेगळा मोर्चा काढायची गरज नाही. शेतकरी आणि शेतमजूर संघटनांनी कापसाच्या भावाच्या निवेदनात उपकेंद्रातल्या तीन महिन्यांच्या साठ्याची एक ओळ घालावी, आणि निवेदन स्वीकारणाऱ्या मंत्र्याला तेवढी ओळ तिथेच मोठ्याने वाचायला लावावी.